घरच्या ३ किलोवॅट सौर संचाच्या अनुदानाच्या नोंदी : ऑगस्ट २०२५ ते जानेवारी २०२६

१७ ऑगस्ट २०२५

गेल्या बारा महिन्यांची वीजबिले काढून युनिटांची बेरीज केली. ती ३,६१२ युनिट भरली, म्हणजे महिन्याला सरासरी ३०१. आपल्या भागात १ किलोवॅटच्या संचातून महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात, असे धरले तर आम्हाला अडीच किलोवॅट पुरेसे आहेत. तरीही ३ किलोवॅटचा संच बसवायचे ठरवले, आणि त्याचे कारण अनुदानाच्या रचनेत आहे. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये मिळतात, म्हणजे एकूण ७८,०००. त्यापुढे संच कितीही मोठा केला तरी अनुदान एक रुपयाने वाढत नाही. पुढच्या वर्षी घरात विजेवरची दुचाकी घ्यायची आहे, त्यामुळे तिसरा किलोवॅट वाया जाणार नाही. पाच किलोवॅटचा आग्रह धरणारा एक ओळखीचा होता, पण त्याच्या हिशेबातले वरचे दोन किलोवॅट पूर्णपणे आपल्या खिशातून जाणार होते, म्हणून तो विचार आजच सोडून दिला.

गच्ची मोजली. प्रत्येक किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि आमच्याकडे ती आहे, असे आज तरी वाटते.

२४ ऑगस्ट

योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करायला बसलो आणि ग्राहक क्रमांक टाकताच पडद्यावर वडिलांचे नाव आले. वडिलांना जाऊन चार वर्षे झाली. बिल दरमहा वेळेवर भरत आलो, पण त्यावरचे नाव बदलायचे राहून गेले होते. ही चूक सर्वस्वी माझी आहे, आणि हे वाचून कोणी अर्ज करणार असेल तर त्याने पुढे काहीही करण्याआधी बिलावरचे नाव पाहावे. वीजजोडणी ज्याच्या नावावर असते तोच अर्जदार ठरतो आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात जमा होते. दुसऱ्याच्या खात्याचा पर्याय नसतो.

बिल आईच्या नावावर करावे की माझ्या, यावर घरी बराच वेळ बोलणे झाले. घरपट्टी आईच्या नावावर आहे, त्यामुळे बिलही तिच्या नावावर करणे सोपे गेले असते. पण मग कर्जाचा अर्जही तिलाच करावा लागला असता, आणि ७४ व्या वर्षी दहा वर्षांच्या मुदतीचे कर्ज मिळण्याची शक्यता कमी दिसली. शेवटी आई आणि ताई या दोघींनी ना हरकत पत्र द्यावे आणि जोडणी माझ्या नावावर यावी, असे ठरले. कर्ज घ्यायचे असेल तर बिलावर कोणाचे नाव असावे हे आधी बँकेच्या बाजूने पाहावे लागते. हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिले.

१६ सप्टेंबर

नाव बदलले. २५ ऑगस्टला अर्ज दिला होता, मध्ये गणपतीचे दिवस आले आणि ताईची सही घेण्यासाठी एकदा तिच्या गावी जाऊन यावे लागले. वडिलांचा मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि दोन ना हरकत पत्रे एवढे कागद लागले. मुद्रांक आणि नोटरी यांना मिळून ८०० रुपये लागले, प्रवासाला साधारण ६००. पैशापेक्षा गेलेला वेळ मोठा होता, पूर्ण बावीस दिवस.

या विलंबाचा एक फायदा मात्र झाला. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने सौर उपकरणांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू होणार आहे. घराच्या संचात ७० टक्के रक्कम सामानाची आणि ३० टक्के सेवेची धरली जाते आणि सेवेवर १८ टक्के कर कायम आहे. त्यामुळे एकूण कर १३.८ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर येतो. कोणालाही आगाऊ रक्कम दिलेली नव्हती, ते बरे झाले. बिल आणि पैसे दोन्ही २२ तारखेनंतरच, हे सगळ्या पुरवठादारांना आधीच कळवले.

१८ सप्टेंबर

पोर्टलवर अर्ज दाखल झाला. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जांना आता तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, अर्ज मंजूर झाल्याचेच धरले जाते. बिलावरचा आमचा मंजूर भार २ किलोवॅट होता आणि संच ३ किलोवॅटचा आहे, म्हणून अडेल की काय अशी काळजी होती. ती काळजी करण्याचीही गरज पडली नाही, कारण २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार संचाइतका भार वितरण कंपनी स्वतःच वाढवून घेते. मात्र भार वाढला की स्थिर आकारावर काही परिणाम होतो का, हे आपापल्या दरपत्रकात आधी पाहून घ्यावे.

२१ सप्टेंबर

पोर्टलवरील नोंदणीकृत पुरवठादारांपैकी तिघांची दरपत्रके आली. तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली तेव्हा लक्षात आले की आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण तिघे तीन वेगळ्या वस्तू विकत होते.

पहिल्याने थेट १,०५,००० रुपये लिहिले होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘अनुदान वजा करून’ अशी ओळ होती. अनुदान ग्राहकाच्या खात्यात येते, पुरवठादाराच्या नाही, आणि तेही संच सुरू झाल्यानंतर. मग वजा केलेली रक्कम तो कशी वसूल करणार, असे विचारले तेव्हा त्याने दिनांक न टाकलेला धनादेश आधी सही करून द्यायला सांगितले. तिथेच बोलणे थांबवले.

दुसऱ्याचे दरपत्रक सर्वांत स्वस्त, तिसऱ्यापेक्षा जवळपास ३५,००० रुपयांनी कमी होते. त्यात पॅनेलच्या नावापुढे ‘डीसीआर’ हा शब्द नव्हता. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सौर घट (सोलर सेल), दोन्ही भारतात तयार झालेले असावे लागतात, आणि डीसीआर पॅनेल म्हणजे तेच. आयात घट वापरून इथे जोडलेले पॅनेल स्वस्त मिळते आणि वीजही तेवढीच देते, पण ते बसवले की ७८,००० वर पाणी सोडावे लागते. ३५,००० वाचवायला ७८,००० घालवण्याचा हा सौदा पुरवठादाराने स्वतःहून स्पष्ट केला नव्हता. विचारल्यावर मात्र त्याने प्रामाणिकपणे कबूल केले.

तिसऱ्याच्या पहिल्या मसुद्यात ५४० वॅटची पाच पॅनेले आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारे यंत्र) होता, आणि वर ‘३ किलोवॅट संच’ असे लिहिले होते. पाचांची बेरीज २,७०० वॅट होते. अनुदान मोजताना पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली जी कमी ती धरतात. म्हणजे मला २ किलोवॅटचे ६०,००० आणि उरलेल्या ०.७ किलोवॅटचे १२,६०० असे ७२,६०० मिळाले असते. सहा पॅनेले घेतली तर पॅनेलची क्षमता ३,२४० वॅट होते, इन्व्हर्टर ३,००० वॅटचाच राहतो, आणि कमी आकडा ३ किलोवॅट ठरून पूर्ण ७८,००० मिळतात. सहाव्या पॅनेलमुळे करापूर्वीची किंमत १,६५,००० वर गेली, पण दरवर्षीचे उत्पादनही वाढणार आहे. तिसऱ्यालाच काम दिले. करारात ‘डीसीआर’, पॅनेलची संख्या, वॅट, इन्व्हर्टरची क्षमता आणि पाच वर्षांची देखभाल हे शब्द आणि आकड्यांत लिहून घेतले.

२७ सप्टेंबर

करार झाला. १,६५,००० वर ८.९ टक्के कर मिळून १,७९,६८५ रुपये. जुन्या दराने हीच रक्कम १,८७,७७० झाली असती, म्हणजे नावबदलाच्या बावीस दिवसांनी ८,०८५ रुपये वाचवले.

१४ ऑक्टोबर

कर्ज मंजूर झाले. ३ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी २ लाख रुपयांपर्यंत तारण न देता कर्ज मिळते आणि व्याजदर रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्यापेक्षा) अर्धा टक्का जास्त असतो. रेपो सध्या ५.५ आहे, म्हणून मला ६ टक्के पडले. निदान १० टक्के रक्कम आपली घालावी लागते. मी १९,६८५ घातले आणि १,६०,००० चे कर्ज दहा वर्षांसाठी घेतले, हप्ता १,७७६ रुपये.

यात दहा दिवस एका फुटकळ विसंगतीने गेले. पोर्टलवरील अर्जात मी क्षमता ३ किलोवॅट भरली होती आणि दरपत्रकावर पॅनेलच्या बेरजेने ३.२४ लिहिले होते. शाखेने दोन कागद जुळत नाहीत म्हणून अर्ज परत पाठवला. पुरवठादाराकडून ‘पॅनेल ३.२४ किलोवॅट, इन्व्हर्टर ३ किलोवॅट, अनुदानपात्र क्षमता ३ किलोवॅट’ अशी एक ओळ असलेले नवे दरपत्रक आणल्यावर तोच अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला. ही ओळ पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी.

ज्यांना कर्ज घ्यायचे नाही त्यांनीही हे ध्यानात ठेवावे की अनुदान मिळेपर्यंत संपूर्ण रक्कम स्वतःकडे असावी लागते. ७८,००० हातात येतील असे धरून कोणी उरलेल्या रकमेचीच तजवीज केली तर काम अर्ध्यावर अडते.

१८ ऑक्टोबर

आज सर्वांत मोठी चूक सापडली, आणि ती मी ऑगस्टमध्येच केलेली होती.

स्ट्रक्चरचे पाय कुठे रोवायचे याची आखणी करायला पुरवठादाराचे वायरमन काका आले होते. साठीच्या आसपासचे गृहस्थ. मी त्यांना खडूने आखलेली जागा दाखवली. ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी ऊन पडले असताना मी पाण्याच्या टाकीची सावली मोजली होती, ती फूटभरसुद्धा नव्हती, म्हणून टाकीच्या उत्तरेला दोनच फूट सोडून पॅनेलची रांग आखली होती. काका काही न बोलता वाकले आणि टाकीच्या मागच्या फरशीवरून हात फिरवला. तिथे शेवाळ वाळून झालेला काळपट पट्टा होता, टाकीच्या पायापासून साडेसहा-सात फूट लांब, आणि त्याची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. ते म्हणाले, “सर, ही रेघ हिवाळ्यातल्या सावलीची आहे. इथवर ऊन येत नाही म्हणून शेवाळ टिकतं. तुमची दोन पॅनेलं ह्याच्या आत बसतायत.”

घरात जाऊन हिशेब केला. आमचे अक्षांश साधारण १७. ऑगस्टअखेर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून स्टँडसह आठ फूट उंचीच्या टाकीची सावली फूटभराच्या आसपासच पडते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्याही थोडा खाली राहतो आणि तीच सावली पावणेसात फुटांवर जाते. काकांच्या शेवाळाच्या रेघेत आणि माझ्या गणितात चार बोटांचाही फरक नव्हता. सहाही पॅनेले एकाच साखळीत जोडली जाणार असल्याने एकावर सावली आली तरी इतरांच्या उत्पादनावर परिणाम होतो, आणि हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हाचे दिवस आपल्याकडे उत्पादनाचे चांगले दिवस असतात.

अनुदान बसवलेल्या क्षमतेवर मिळते, तयार झालेल्या विजेवर नाही. सावलीत बसवलेल्या संचालाही ७८,००० मिळाले असते आणि नुकसान पंचवीस वर्षे माझे झाले असते. म्हणून टाकी हलवून गच्चीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात नेली. प्लंबर, नवे पाइप आणि गवंडीकाम मिळून ४,२०० रुपये झाले. हा खर्च अनुदानात बसत नाही आणि कर्जातही बसला नाही.

जाताना काकांनी स्वतःच्या घराविषयी विचारले. त्यांचा वापर महिन्याला १०० युनिटांच्या आत आहे आणि रेशनकार्ड दारिद्र्यरेषेखालील आहे. अशा घरांसाठी राज्य सरकारने ‘स्मार्ट’ योजना आणली आहे. १ किलोवॅटला केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे १७,५०० मिळतात. त्यांना पहिल्यांदा बिलावरचे नाव पाहायला सांगितले. तेही वडिलांच्याच नावावर निघाले.

२९ ऑक्टोबर

दिवाळीनंतर कालपासून दोन दिवसांत संच उभा राहिला. दोन गोष्टींसाठी थांबवून काम पुन्हा करून घ्यावे लागले.

एक, अर्थिंग. पॅनेलच्या बाजूचे, इन्व्हर्टरनंतरच्या बाजूचे आणि लाइटनिंग अरेस्टरचे (पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या उपकरणाचे) अशी तीन वेगळी अर्थिंग लागतात. कामगारांनी दोनच खड्डे खणले होते आणि अरेस्टरची पट्टी पॅनेलच्या अर्थिंगला जोडायला घेतली होती. तिसरा खड्डा खणेपर्यंत मी काम पुढे जाऊ दिले नाही. वीज पडली तर तो ताण थेट इन्व्हर्टरच्या वाटेने यावा, ही जोखीम एका खड्ड्याच्या मजुरीसाठी घेण्यासारखी नाही.

दुसरी गोष्ट अधिक महागात पडली असती. पॅनेल वर चढवण्यापूर्वी मी प्रत्येकाच्या मागच्या अनुक्रमांकाचा फोटो घेतला आणि डीसीआर प्रमाणपत्रासोबतच्या यादीशी ताडून पाहिला. पाच जुळले. सहाव्याचा क्रमांक यादीत नव्हता. पॅनेल दिसायला अगदी तेच, त्याच कंपनीचे, त्याच वॅटचे. पुरवठादाराचे म्हणणे होते की गोदामात सरमिसळ झाली असेल, आणि ते खरेही असेल. पण हे क्रमांक पोर्टलवर चढवावे लागतात, आणि न जुळणारा एक क्रमांक संपूर्ण अनुदान अडवू शकतो. वर चढवून, नट आवळून झाल्यावर ते कळले असते तर उतरवायला कोणी आले नसते. पाच पॅनेले बसवली आणि शेवटच्या रकमेतले २०,००० रुपये रोखून ठेवले.

८ नोव्हेंबर

यादीतले सहावे पॅनेल आले आणि बसले. दहा दिवस गेले. रोखलेली रक्कम आज दिली.

१२ नोव्हेंबर

काम पूर्ण झाल्याची माहिती पोर्टलवर चढवली. संचासमोर अर्जदार स्वतः उभा असलेला, जागेचे अक्षांश-रेखांश छापलेला फोटो लागतो. पहिल्या फोटोत मोबाइलचे लोकेशन बंद होते, म्हणून दुसऱ्यांदा गच्चीवर चढलो. पुरवठादाराने आपल्या मोबाइलवर अर्ज भरून देण्याची तयारी दाखवली होती, पण पासवर्ड आणि ओटीपी मी शेवटपर्यंत कोणाला दिला नाही. बँक खात्याचा तपशील पोर्टलवरच्या त्याच खात्यातून भरायचा असल्याने ते स्वतःकडे ठेवणेच योग्य.

२६ नोव्हेंबर

तपासणी झाली, नेट मीटर (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारे) बसले आणि दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी संच ग्रिडला जोडला गेला. अर्थिंगची तपासणी करताना अधिकाऱ्यांनी तिन्ही खड्डे उघडून पाहिले. घरातले दिवे बंद असताना मीटरवरचा बाहेर जाणाऱ्या युनिटांचा आकडा पहिल्यांदा बदलताना आईला बोलावून दाखवला. ती बराच वेळ मीटरपाशी उभी होती.

२८ नोव्हेंबर

संच सुरू झाल्याचा अहवाल पोर्टलवर दिसू लागताच अनुदानाची मागणी नोंदवली. रद्द केलेल्या धनादेशाचा फोटो जोडला.

५ डिसेंबर

मागणी परत आली. धनादेश माझ्या आणि पत्नीच्या संयुक्त खात्याचा होता आणि त्यावर तिचे नाव आधी छापलेले होते. नावबदलाच्या वेळी नाव एक असावे हे शिकूनही इथे पुन्हा तीच चूक केली, कारण हप्ते त्या खात्यातून जातात म्हणून ते सोयीचे वाटले. माझ्या एकट्याच्या खात्याचा, नाव छापलेला धनादेश आज जोडला. नाव वीजबिलावर आहे तसे, वडिलांच्या पूर्ण नावासह आहे ना, हे या वेळी अक्षर अक्षर लावून पाहिले.

३ जानेवारी २०२६

पूर्ण महिन्याचे पहिले बिल आले. डिसेंबरात संचाने ३७२ युनिट तयार केले. त्यांतले १४१ घरात थेट वापरले गेले आणि २३१ बाहेर गेले. रात्री आणि पहाटे आम्ही ग्रिडमधून १६८ घेतले. ६३ युनिट शिल्लक पुढच्या बिलात ओढले गेले. बिल पूर्ण शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो, पण सरासरी साडेतीन हजारांच्या तुलनेत आलेली रक्कम हप्त्यासाठी भरपूर जागा सोडते. शिल्लक युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो आणि उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण वीज विकत घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे पाण्याची मोटर आणि कपडे धुणे आता दुपारीच करतो.

९ जानेवारी

सकाळी ११ च्या सुमारास खात्यात ७८,००० रुपये जमा झाले. दुरुस्त मागणीपासून ३५ दिवस, पहिल्या नोंदीपासून १४५ दिवस.

दुपारीच शाखेत जाऊन पूर्ण रक्कम कर्जाच्या मुद्दलात भरली. अर्जात ‘हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी’ असे लेखी दिले, कारण तसे न सांगितल्यास हप्ता कमी करून मुदत दहा वर्षेच ठेवली जाण्याची शक्यता असते. १,७७६ रुपयांचा हप्ता आहे तसाच चालू राहिला तर कर्ज सव्वाचार वर्षांच्या आसपास फिटेल. नवीन परतफेडीचा तक्ता सोमवारी मिळणार आहे, आणि तो घ्यायला जाताना वायरमन काकांच्या नावबदलाच्या अर्जाची प्रतही बरोबर नेणार आहे.